पाच जागांविषयी: जनजाती सल्लागार परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र जनजाती सल्लागार परिषद, मुंबई

प्रत: मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य

विषय: परिषदेतल्या बिगर-आमदार जागांवर ग्रामसभांमधल्या आदिवासी स्त्रियांना नेमण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला चौथा परिच्छेद आपल्याला नवा नाही. आदिवासींच्या प्रश्नांवर राज्यपालांना सल्ला देणारी आपली परिषद त्यातूनच आली. सदस्य वीसपेक्षा जास्त नसावेत आणि त्यातले शक्य तितके तीन चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असावेत, असं तिथे म्हटलं आहे. विसाचे तीन चतुर्थांश म्हणजे पंधरा. हे पत्र उरलेल्या पाच जागांबद्दल आहे.

त्या पाच जागांवर आमदारच हवेत असं संविधान म्हणत नाही. सदस्य किती, ते कसे नेमायचे, परिषदेचं कामकाज कसं चालवायचं, याचे नियम करण्याचा अधिकार त्याच परिच्छेदाने राज्यपालांना दिला आहे. म्हणजे घटनादुरुस्ती नको, विधेयक नको, कुठल्या आयोगाच्या अहवालाची वाट बघायला नको. नियमात एक दुरुस्ती केली की काम होतं. मागणी एवढीच आहे की या पाचही जागांवर आदिवासी स्त्रिया बसाव्यात, आणि त्या मंत्रालयाने शोधून काढलेल्या नसाव्यात, ग्रामसभांनी पाठवलेल्या असाव्यात.

पाचही बायकाच का, असा प्रश्न येणार. विधानसभेतल्या २८८ पैकी २५ मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपले पंधरा सदस्य यायचे ते त्यातूनच. त्यात बायका किती असतात हे कळायला आकडेवारी लागत नाही, बैठकीत बसल्या बसल्या एकदा डावी-उजवीकडे पाहिलं तरी पुरे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने जमातींसाठी राखीव असलेल्या जागांतल्याही एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या खऱ्या, पण त्या मिळणार जनगणना आणि तिच्यामागून मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. त्या दिवसाची वाट आम्ही बघूच. पण या पाच जागा आजच्या आहेत.

आणि एखाददुसरी बाई नेमून भागणार नाही. एकटी बाई मोठ्या बैठकीत काय करते हे आम्ही तालुक्याच्या समित्यांमध्ये बघतो. तिच्या वाट्याला कुपोषण, अंगणवाडी आणि बचत गट येतात. खाण, धरण, जमीन, निधी हे विषय निघाले की तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि शेवटी फोटोच्या वेळी तिला पुढे बोलावतात. पाच जणी असल्या तर एकीला बोलताना अडवलं की दुसरी तो धागा उचलते. हा हिशेब ज्याने कधी सभा चालवली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

आम्हाला मोजायचं राहून गेलं आहे अशी आमची तक्रार नाही. जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचे आणि वनाचे हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून ग्रामसभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा आहे आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. वनहक्क समितीतही एक तृतीयांश स्त्रिया. उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांवर पंचायतीचे तीन-तीन सदस्य जातात, त्यातली एक स्त्री असावी अशी अट आहे. पंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्या, असं राज्याचा ग्रामपंचायत कायदाच सांगतो. पण वरच्या पायरीवर जावं तसं हे प्रमाण उतरत जातं. निम्म्यावरून एक तृतीयांश, आणि आपल्या परिषदेच्या दारात पोचल्यावर तर अटच नाही. वनहक्क कायद्याच्या राज्यस्तरीय सनियंत्रण समितीवर आपल्याच परिषदेतले तीन आदिवासी सदस्य जातात. त्यात एक तरी बाई असावी, असं नियमात कुठे नाही. पाड्यावर बायांशिवाय ठराव वैध होत नाही आणि मुंबईत बायांशिवाय सल्ला वैध होतो.

बरं, पाड्यावरही सगळं आलबेल आहे असं नाही. कोरमपुरत्या बाया ही आमच्याकडची जुनी गोष्ट आहे. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं, अंगठे उमटतात, ठराव होतो. महिला सरपंचांचे 'मिस्टर' खुर्चीच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. यावर शहरात विनोद पुष्कळ होतात. पण त्याच गावांत, त्याच ग्रामसभांत, जिथे विषय हाताशी असतो आणि पैसा समोर दिसतो तिथे बाया काय बोलतात हे ऐकायला मात्र कोणी थांबत नाही. म्हणून थोडं तपशिलात सांगते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) व्यवहार स्वतः करू लागल्या. जाहिरात द्यायची, ठेकेदारांना बोलवायचं, दर ठरवायचा, करारनामा लिहायचा. हे सगळं आता गावात होतं.

अशाच एका हंगामाआधीच्या सभेत मी बसले होते. पुरुषांची चर्चा शेकड्याच्या दरावर अडली होती. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा होतो आणि शंभर पुड्यांचा शेकडा. ठेकेदाराचा माणूस दोन पावलं वर येई, आपली मंडळी एक पाऊल खाली. तासभर हेच चाललं होतं. मागे बसलेल्या साठीच्या एक आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, दर काय तो ठरवा, पण शेकडा म्हणजे किती ते आधी कागदावर लिहा. सगळे हसले. शेकडा म्हणजे शंभरच ना! मग त्यांनी सांगितलं की फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथे, ठेकेदाराचा मुन्शी शंभरावर चार पुडे जास्तीचे ठेवून घेतो, वाळल्यावर तूट येते म्हणून. दिवसभर पानं तोडून संध्याकाळी पुडे बांधणारी बाई हे चार पुडे रोज फुकट देते. सभेतल्या एकाही पुरुषाने हे मोजलं नव्हतं, कारण फळीवर पुडे घेऊन जाणाऱ्या बहुतेक बायाच.

त्यांचं पाहून दुसरी बोलली. अवकाळी पावसात वाळत घातलेला पुडा भिजला तर नुकसान कोणाचं? पुडा एकदा फळीवर मोजून दिला की आमचा संबंध संपला, असं लिहा. तिसरीने विचारलं, कार्डावर नाव कोणाचं राहणार? पानं मी तोडते, पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात आणि खात्यातून कुठे जातात ते गावाला माहीत आहे. यावर पुरुषांच्या बाजूने गलका झाला. पण शेवटी शेकडा शंभराचाच, भिजलेल्या मालाची जबाबदारी ठेकेदाराची, आणि जिने पुडे आणले तिच्या नावाचं कार्ड, या तिन्ही गोष्टी करारात आल्या. दर मात्र पुरुषांना हवा होता त्यापेक्षा कमीच ठरला. तरीही हंगामाच्या शेवटी घरात आलेला पैसा जास्त होता.

तेंदूची सरकारी कागदपत्रं मी वाचलेली आहेत. त्यात विक्रीची पद्धत आहे, प्रमाण गोणी आहे, स्वामित्व शुल्क आहे. मुन्शीचे चार पुडे मला कुठेच सापडले नाहीत. ते फळीवर उभं राहणाऱ्या बाईलाच दिसतात, आणि तिला त्या टेबलापर्यंत यायला वाट नाही.

मोहफुलाचं, हिरड्याचं, डिंकाचं, चारोळीचं तेच आहे. वेचणारी बाई, किमतीवर बोलणारा बाप्या, आणि नियम लिहिणारा साहेब. बियाण्याचं बघा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. गावठी वाणांची बियाणे बँक त्यांनी उभी केली आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे फोटो सरकारी कार्यालयांत लागले, चांगलंच झालं. पण गावठी वाणांना बाजारात जागा कशी मिळेल, आश्रमशाळेच्या ताटात नागली-वरई कधी येईल, याचा निर्णय होतो त्या खोलीत बी राखणाऱ्या बाईची हक्काची खुर्ची कुठली? सन्मानाला बोलावणं येतं आणि धोरणाला येत नाही, हा अनुभव फक्त राहीबाईंच्या जमातीचा नाही.

बोलावणं येतं तेव्हाही कधी येतं ते बघा. ग्रामसभेच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या तारखा ध्वजाच्या आणि जयंतीच्या आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण जानेवारीत नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातली कितीतरी कुटुंबं उसाच्या फडावर असतात. जव्हार-मोखाड्याची माणसं वीटभट्टीवर असतात, आणि वीटभट्टीवर नवरा-बायको जोडीनेच जातात. १ मे म्हणजे विदर्भात मोह सरत आलेला आणि तेंदूची तयारी सुरू झालेली. पहाटे तीनला उठून बाई जंगलात गेलेली असते आणि ग्रामसेवक अकरा वाजता सभेला सुरुवात करतो. पंधरा ऑगस्टला निंदणी. दोन ऑक्टोबरला हळवं भात कापणीला आलेलं. एकूण वर्षातली एकही तारीख बाईला विचारून ठरवलेली नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, ज्या गावाला लागू आहे तिथल्या ग्रामसभेला आपली सभा आपण बोलावता येते, मान्य. पण वरून येणारे प्रस्ताव, लाभार्थ्यांच्या याद्या, आराखड्यांच्या मंजुऱ्या या चार तारखांनाच येऊन आदळतात आणि सही त्याच दिवशी हवी असते.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी, असं २००६ ची पर्यावरण आघात अधिसूचना सांगते. त्या कागदाला धरून चाललं तरी निम्मं काम होईल. सुनावणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नेली की कोण गळतं? ज्यांच्याकडे मोटरसायकल नाही, कडेवर पोर आहे आणि संध्याकाळच्या आत घरी पोचायचं आहे ते गळतं. ओडिशातल्या नियमगिरीत उलट घडलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात तिथल्या खाणीबाबत ग्रामसभांनी ठरवावं असं म्हटलं. मग डोंगरावरच्या बारा गावांत, जिथे माणसं राहतात तिथेच सभा झाल्या, डोंगरिया कोंध बायाही त्यात उभ्या राहून बोलल्या, आणि बाराच्या बारा सभांनी खाणीला नाही म्हटलं. सभा गावात भरली की बाई बोलते, एवढं त्यातून घेतलं तरी पुष्कळ.

आता थोडं आमच्याच घरातलं. हे लिहू नको असं मला काही जणांनी सुचवलं, बाहेरच्यांना आयतं कोलीत मिळेल म्हणून. पण आपल्या परिषदेला खरा सल्ला हवा असेल तर हा भाग गाळून चालणार नाही.

पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि भांडणतंटे मिटवायच्या रीती जपण्याचा अधिकार दिला आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि ती १९९६ मध्ये लढून मिळालेली आहे. पण रूढी म्हणजे काय, हे सांगायला आजवर बसले ते गावचे पाटील, गायता आणि जातपंचायतीतले बाप्येच. माडिया आणि गोंड गावांमध्ये पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या वेगळ्या खोपटात, कुर्माघरात, राहायचं असतं. त्या दिवसांत ग्रामसभा आली तर ती ग्रामसभेत नाही. एक तृतीयांशाचा कोरम मोजताना हे कोणी मोजतं का?

कुर्माघरावर धोरण काय असावं यावर बाहेरचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ही घरं मोडा. दुसरा म्हणतो, पक्की बांधा, संडास-पाणी-दिवा द्या. काही गावांत अशी पक्की घरं उभी राहिलीही आहेत. बायांना विचारलं तर उत्तर एका ओळीत येत नाही. तरुण मुली म्हणतात, पक्कं घर बांधलं की प्रथा पक्की होईल. चाळिशीच्या बाया म्हणतात, प्रथा मोडायला वीस वर्षं लागतील, तोवर मी गळक्या खोपटात साप-विंचवाजवळ झोपू का? आणि एखादी हळूच सांगते की महिन्यातले तेवढेच चार दिवस सासूच्या आणि चुलीच्या तावडीतून सुटका असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा दुरुस्ती आणि सोबतच मुलींच्या शाळेत सरळ बोलणं. पण माझ्या मतापेक्षा महत्त्वाचं हे की अशा प्रश्नावर गावातल्या बायांना आपसात भांडायला जागा मिळाली पाहिजे. ती भांडणं ऐकून धोरण करा. आमच्या वतीने कोणी एकमत जाहीर करू नका.

जमिनीचंही असंच. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू होत नाही, केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय. त्यामुळे बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा हा रूढीवर सोडलेला विषय. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला की मुलीला वाटा मिळतच नाही अशी रूढी कोणी सिद्ध केलेली नसताना केवळ बाई आहे म्हणून तिच्या वारसांना वाटा नाकारणं हे समतेच्या विरुद्ध आहे. निकाल आला तेव्हा आमच्या भागात चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येत होतं: मुलींना जमीन दिली की ती बिगर-आदिवासी जावयाच्या घशात जाणार.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जमिनी अशाही गेल्या आहेत. पण त्यावर उपाय महाराष्ट्रात आधीच आहे. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर बंधन घालतं. बंधन हस्तांतरणावर घाला, हवं तर आणखी घट्ट करा, पळवाटा बुजवा. ते मुलीच्या जन्मावर का घालता? मुलगा जमीन गमावत नाही असं थोडंच आहे. सावकाराकडे अंगठा देणारे आणि दारूच्या उधारीत बांध घालवणारे कोण होते, हे त्याच टपरीवर विचारून पाहा. आदिवासी स्त्रियांच्या वारसाहक्काबद्दल राज्याने भूमिका घ्यायची तर ती आधी आपल्याच परिषदेत घ्यावी लागेल. तिथे या विषयावर पंधरा आमदार बोलतील आणि ज्यांचा वाटा ठरतो आहे त्यांच्यापैकी कोणी नसेल, हे चित्र मला तरी सहन होण्यासारखं वाटत नाही.

यातलाच एक लहान उपप्रश्न. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. पट्ट्यावर दोघांची नावं असतात आणि पुढे सातबाऱ्याच्या नोंदीत, पीक कर्जात, धान खरेदी केंद्रावरच्या यादीत एकच नाव उरतं, अशी उदाहरणं कोणत्याही तालुक्यात दिवसभर बसलं तर सापडतील. नवरा वारल्यावर बाई तलाठ्याकडे जाते तेव्हा तिला कळतं. परिषदेने एका ठरावाने याची राज्यभर तपासणी करायला सांगितली तर त्याला कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही.

"परिषद फक्त सल्ला देते, तिच्या हातात काय आहे?" हेही आम्हाला ऐकवलं जातं. पाचवी अनुसूची वाचली तर हातात बरंच आहे. कोणता कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करायचा, कोणता बदलून लागू करायचा, हे राज्यपाल ठरवू शकतात. त्या क्षेत्रासाठी नवे विनियम करताना परिषदेचा सल्ला घेणं सक्तीचं आहे. आणि महाराष्ट्रात हा अधिकार कागदावर पडून नाही. १८ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्यपालांनी वनहक्क कायद्यात बदल करून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वनहक्कधारकांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावं म्हणून आणखी एक अधिसूचना निघाली. दोन्ही गोष्टी आमच्या फायद्याच्या. पण दुसरीचा मसुदा महिला सभेत वाचायला मिळाला असता तर तिथल्या पहिल्या तीन प्रश्नांची यादी मी आत्ताच देऊ शकते. घर कोणाच्या नावे? पाण्यापासून किती लांब? आणि विधवा, सोडलेली, एकटी राहणारी बाई कुटुंब म्हणून मोजणार की नाही?

राज्यपालपदावरची एक आदिवासी स्त्री काय करू शकते हेही देशाने पाहिलं आहे. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनी राखणाऱ्या छोटा नागपूर आणि संथाल परगणा या दोन्ही कुळकायद्यांत बदल करणारी विधेयकं विधानसभेने मंजूर केली होती. तेव्हाच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ती २०१७ मध्ये सही न करता परत पाठवली, आणि पुढे सरकारला ती सोडून द्यावी लागली. आज त्या राष्ट्रपती आहेत. त्यांचं उदाहरण देऊन "आता अजून काय हवं?" असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर एवढंच की एका खुर्चीवर बाई बसल्याने जे थांबलं, ते पाहूनच आम्ही पाच खुर्च्या मागत आहोत.

पाच कुठून आणायच्या याचाही विचार आम्ही केला आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांतून एक, सह्याद्रीच्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर वस्त्यांतून एक, मेळघाटातल्या कोरकूंमधून एक, पूर्व विदर्भातल्या गोंड-माडियांमधून एक. पाचवी जागा कातकरी आणि कोलाम यांच्यासाठी, आळीपाळीने. कातकऱ्यांचा आग्रह यासाठी की रायगड जिल्ह्यात त्यांची वस्ती मोठी, पण तो जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा त्यांना लागू नाही, ग्रामसभेचे ते अधिकार त्यांना नाहीत. पाचव्या अनुसूचीत मात्र परिषदेचं काम "राज्यातल्या" अनुसूचित जमातींच्या कल्याणाबद्दल सल्ला देणं असं आहे, फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या नव्हे. म्हणजे रायगडच्या कातकरी बाईला दाद मागायला घटनेने ठेवलेली जागा हीच.

निवड आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या शिफारशीने नको. त्या वाटेने कोण येतं हे ठाऊक आहे: कार्यक्रमात नीट बोलणारी, साहेबांना न टोचणारी. ग्रामसभांच्या महिला सभांनी नावं सुचवावीत आणि जिथे गडचिरोलीतल्या कोरचीसारख्या महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांचे संघ) उभ्या राहिल्या आहेत तिथे त्यांनी ठरवावं. पदवीची अट घालू नका. मुदत दोन वर्षं, मग दुसरी.

विषयपत्रिका बैठकीच्या महिनाभर आधी त्यांच्या हाती पडली पाहिजे, म्हणजे ती घेऊन त्या आपापल्या भागात चार सभा घेऊ शकतील. नाहीतर त्या स्वतःपुरतंच बोलतील, आणि एका बाईचं स्वतःपुरतं मत म्हणजे पाड्यांचं मत नव्हे. कागद वाचता येईल अशा मराठीत असावा. कोरकू, गोंडी, भिल्ली बोलणारीला दुभाषी द्यावा, त्यात कमीपणा वाटून घेऊ नये, विधिमंडळातही सगळे सगळं समजून बोलतात असं नाही. प्रवास-निवास तर द्यालच, पण बुडालेली मजुरीही द्या, आणि सोबत येणाऱ्या एका माणसाचा खर्चही, कारण अंगावर पिणारं मूल घरी ठेवून मुंबईला कोणी येणार नाही. वर्षातली एक तरी बैठक धडगाव, धारणी, जव्हार किंवा एटापल्लीला घ्या. मुक्कामाची सोय आम्ही करू, जेवणही घालू. फक्त ताफा लहान आणा.

आणि या पाच जणींनी दिलेला सल्ला मानला नाही तर का मानला नाही, ते लेखी कळवा. नुसतं "नोंद घेतली" नको. स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला आहे. त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये मूलनिवासी स्त्रियांच्या हक्कांबद्दल ३९ वी सर्वसाधारण शिफारस काढली, त्यात निर्णयप्रक्रियेतल्या परिणामकारक सहभागावर भर आहे. परिणामकारक म्हणजे बोललेलं कुठे गेलं याचा माग लागला पाहिजे, एवढा साधा अर्थ आम्ही घेतो.

हे पत्र आम्ही आमच्या भागातल्या ग्रामसभांच्या महिला सभांनाही पाठवत आहोत. आपलं उत्तर आलं तर ते पुढच्या सभेत जसंच्या तसं वाचलं जाईल. नाही आलं तर "परिषदेकडून उत्तर आले नाही" अशी नोंद तारखेसह इतिवृत्तात होईल, आणि कोरम त्या दिवशीही पूर्ण असेल.

आपली,
एका पेसा ग्रामसभेची सदस्य